ईव्हनसाँगला जाणार असाल तर स्तोत्रांसाठी जा

सांजपाखरू

लंडनच्या सहलीवरच्या धाग्यात कुणीतरी विचारलं होतं, वेस्टमिन्स्टर ॲबीचं तिकीट फार महाग वाटतंय, काही उपाय आहे का? दोघातिघांनी लगेच सांगितलं, "संध्याकाळी ईव्हनसाँगला जा, प्रार्थनेला तिकीट नसतं." विषय तिथेच संपला. सल्ला बरोबर आहे, लंडनच्याच सेंट पॉल्स कॅथीड्रललाही तो लागू पडतो. पण तिकीट वाचवायला आत शिरलेला माणूस पाऊण तास नक्की काय ऐकतो, हे कुणी सांगितलं नाही. म्हणून हा वेगळा धागा.

मी ख्रिस्ती नाही, गाण्याचं रीतसर शिक्षणही नाही. उत्तर इंग्लंडमध्ये डरहॅमला राहते आणि तिथलं कॅथीड्रल कामावरून घरी येण्याच्या वाटेवर पडतं, त्यामुळे जाणं होतं. जे लिहिते आहे ते कानाने आणि थोड्या वाचनाने जमवलेलं.

ईव्हनसाँग म्हणजे अँग्लिकन चर्चची संध्याकाळची प्रार्थना, बहुतांशी गायलेली. आठव्या हेन्रीने रोमशी नातं तोडलं, मठ बंद पाडले. त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत, १५४९ साली, आर्चबिशप टॉमस क्रॅनमरने पहिलं इंग्रजी प्रार्थनापुस्तक काढलं. मठांमध्ये रात्रंदिवस ठरलेल्या वेळी लॅटिनमध्ये चालणाऱ्या प्रार्थना त्याने दोनवर आणल्या, एक सकाळची आणि एक संध्याकाळची. संध्याकाळच्या प्रार्थनेत व्हेस्पर्स (सायंकाळची) आणि कंप्लिन (झोपण्याआधीची) या दोन्हींचा ऐवज आला, म्हणून तिच्यात गीतंही दोन आहेत: व्हेस्पर्समधलं मरीयेचं आणि कंप्लिनमधलं म्हाताऱ्या शिमोनाचं. आज बहुतेक कॅथीड्रलांत गायला जाणारा पाठ १६६२ च्या पुस्तकातला आहे.

गाण्याचे शौकीन जातात ते या दोन गीतांच्या नामांकित चालींसाठी, नाहीतर शेवटच्या अँथमसाठी, म्हणजे गायकवृंदाने गायच्या स्वतंत्र रचनेसाठी. दाराशी लावलेल्या पत्रकात "स्टॅनफर्ड इन जी" किंवा "हॉवेल्स, कॉलेजियम रेगाले" अशी संगीतकाराची आणि चालीची नावं वाचून वार ठरवणारे लोक मला माहीत आहेत. त्यात काही वाईट नाही. हॉवेल्सचं ते संगीत केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजसाठी १९४० च्या दशकात लिहिलेलं, आणि त्याची सुरुवात तिथल्या डीनने (मुख्य पुरोहिताने) लावलेल्या एका गिनीच्या पैजेतून झाली. ऐकण्यासारखंच आहे.

पण माझं म्हणणं असं की ईव्हनसाँगचा कणा स्तोत्रं आहेत. बायबलातली स्तोत्रसंहिता, एकूण दीडशे स्तोत्रं. प्रार्थनापुस्तकात ती महिन्याच्या तीस दिवसांत सकाळ-संध्याकाळ अशी वाटून दिली आहेत. महिना संपला की पारायण पूर्ण. महिन्याला ३१ तारीख असेल तर त्या दिवशी ३० तारखेचीच पुन्हा. म्हणजे आज काय गायचं हे पुजारी ठरवत नाही, संगीतकार ठरवत नाही, तुमची मनःस्थिती तर मुळीच ठरवत नाही. तारीख ठरवते. ४ तारखेच्या संध्याकाळी २२ वं आणि २३ वं स्तोत्र लागोपाठ येतात. आधी "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" हा टाहो आणि तो थांबतो न थांबतो तोच "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे". हा जोड कुणी नाट्य साधायला लावलेला नाही, नुसता क्रमाने आला आहे, आणि त्यामुळेच तो जास्त लागतो. १५ तारखेच्या संध्याकाळी ७८ वं: ७३ श्लोक, इस्राएल लोकांच्या कृतघ्नपणाचा सगळा इतिहास. २० ला १०४ वं: ढग, पाणवठे, रानगाढवं, बगळे, समुद्रातली गलबतं.

हल्ली बऱ्याच ठिकाणी हा क्रम सोडून दुसऱ्या तक्त्याप्रमाणे लहान तुकडे घेतात. येणाऱ्यांना बसायला अवघड जातं म्हणे. मला ते पटत नाही. दहा मिनिटं बसता येत नसेल त्याने दुकानात जावं.

---

पेटीमास्तर

मस्त धागा. एक तांत्रिक शंका. स्तोत्रांचं हे भाषांतर गद्य आहे ना? मग गद्याला चाल कशी लागते? एक ओळ चार शब्दांची, पुढची वीस शब्दांची. ठेका काय धरतात?

---

सांजपाखरू

पेटीमास्तर, बरोबर जागी बोट ठेवलंत.

हो, गद्यच. माइल्स कव्हरडेलचं, १५३० च्या दशकातलं. १६११ मध्ये किंग जेम्स बायबल आलं तरी प्रार्थनापुस्तकात स्तोत्रं कव्हरडेलचीच राहिली, कारण तोवर ती गाणाऱ्यांच्या तोंडात बसली होती.

आता चाल. प्रत्येक श्लोकाचे दोन भाग असतात, चालीचेही दोन. पहिल्या भागात चार सूर, दुसऱ्यात सहा, एकूण दहा. गंमत आहे ती प्रत्येक भागाच्या पहिल्या सुरात. तो पठणाचा सूर. त्यावर दोन शब्द म्हणा नाहीतर पंधरा, सगळे त्याच सुरावर, बोलण्याच्या गतीने. शेवटची मोजकी अक्षरं उरली की सूर हलतो आणि तो भाग पुरा होतो. दोन श्लोकांना मिळून एक चाल असेल तर सूर वीस, तिला डबल चँट म्हणतात. चारही आवाज (सोप्रानो, अल्टो, टेनर, बास) एकाच वेळी शब्द उच्चारतात, त्यामुळे प्रत्येक सुराखाली भरलेली हार्मनी असते.

कुठल्या अक्षरावर सूर हलवायचा याच्या खुणा पुस्तकात छापलेल्या असतात. त्याला पॉइंटिंग म्हणतात. अशा खुणांचं पहिलं छापील पुस्तक ईली कॅथीड्रलचा ऑर्गनिस्ट रॉबर्ट जेन्स याने १८३७ मध्ये काढलं. त्याआधी सगळा मामला सवयीचा. शेजारचा कुठे वळतोय तिकडे कान ठेवायचा.

ठेका नाहीच. ठेका शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. उलट ठेका शिरला की गाणं बिघडतं. एकोणिसाव्या शतकात एक खोड सगळीकडे लागली होती: पठणाच्या सुरावर शब्द भराभर कोंबायचे, मग एकदम दाणकन थांबायचं आणि उरलेले सूर मापून म्हणायचे. इंग्रज त्याला थट्टेने "अँग्लिकन थंप" म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कवी रॉबर्ट ब्रिजेससारख्या लोकांनी आग्रह धरला की चाल बोलण्याच्या लयीने चालली पाहिजे. आज चांगल्या कॅथीड्रलात जे ऐकू येतं ते या आग्रहाचं फळ आहे. पंचवीस-तीस जण, त्यात निम्म्याहून जास्त पोरं, तालाच्या आधाराविना एकच वाक्य एकाच वेळी बोलतात आणि कुठेही फाटत नाही. अँथम सरावाने बसवता येतो. हे रोजच्या सहवासाशिवाय जमत नाही, म्हणून क्वायरची, म्हणजे गायकवृंदाची, खरी पारख मी इथे करते.

पहिल्यांदा जाल तेव्हा दोन गोष्टींकडे कान द्या. श्लोकाच्या मध्ये दोन भागांच्या सांध्यावर एक विराम असतो. चांगली क्वायर तिथे दगडी छताकडून आवाज परत येऊ देते आणि मगच पुढे जाते. दुसरं म्हणजे ऑर्गन. चाल तीच ती असते, पण वाजवणारा दर श्लोकाला रंग बदलतो. १०४ मध्ये मेघगर्जना आली की खालच्या पायपट्टीतून गडगडाट, पाखरं आली की वर बारीक शीळ. काही जण यात फार लाडात येतात. रानगाढवांना तहान लागल्यावर ऑर्गनमधून जे आवाज येतात त्यांवर मुलं हसू दाबताना मी पाहिली आहेत.

---

पेटीमास्तर

म्हणजे चाल शब्दांची चाकर. आमच्या संगीत नाटकवाल्यांना हे सांगायला हवं, तिथे एकेका आकारात अर्थ वाहून जातो. ;)

घरबसल्या ऐकायचं तर कुठे?

---

सांजपाखरू

बीबीसी रेडिओ ३ वर "कोरल ईव्हनसाँग", बुधवारी दुपारी थेट आणि रविवारी पुन्हा. १९२६ च्या ऑक्टोबरमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतून सुरू झालेला कार्यक्रम आहे. दर आठवड्याला वेगळं कॅथीड्रल किंवा कॉलेज असतं, त्यामुळे तुलनाही होते. संपूर्ण स्तोत्रसंहिता हवी असेल तर सेंट पॉल्सच्या क्वायरने जॉन स्कॉटच्या हाताखाली बारा तबकड्यांत गायली आहे. आणि जुनं मिळालं तर केंब्रिजच्या सेंट जॉन्सचं, जॉर्ज गेस्टच्या काळातलं. त्यांची मुलं किंग्जच्या मुलांसारखी गुळगुळीत गात नाहीत, आवाजाला धार असते. मला ते आवडतं.

---

चंद्रभागाकाठ

वाचताना हरिपाठ डोळ्यांसमोर आला. तिकडेही टाळकरी दोन रांगांत समोरासमोर, एक बाजू चरण म्हणते, दुसरी उचलते. आणि हरिपाठही रोजचा, मूड असो वा नसो. इथे क्वायर कशी उभी असते?

---

सांजपाखरू

अगदी तशीच, समोरासमोर. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना लाकडी कोरीव आसनं. दक्षिणेकडची बाजू डीनची म्हणून डेकानाय, उत्तरेकडची मुख्य गायकाची म्हणून कँटोरिस. स्तोत्राचे श्लोक या दोन बाजूंत आलटून पालटून जातात आणि शेवटचं "पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला गौरव असो" सगळे मिळून. दोन्ही बाजूंना चारही प्रकारचे आवाज असतात, म्हणजे प्रत्येक बाजू स्वतःत पूर्ण. मुलं पुढे, मोठी माणसं मागे. अल्टोचा वरचा आवाज पुष्कळ ठिकाणी अजून पुरुषच लावतात.

---

उंबरठा

हरिपाठाशी तुलना मला अर्धीच मान्य. हरिपाठात बघे नसतात. टाळ नसला तरी माणूस ओठांनी म्हणतोच. इथे पगारी गायक गाणार आणि बाकीचे गप्प बसून ऐकणार. धर्मसुधारणा झाली ती लोकांच्या भाषेत, लोकांच्या तोंडी प्रार्थना यावी म्हणून ना? मग हे काय, मैफलच झाली.

---

सांजपाखरू

उंबरठा, हा आक्षेप चारशे वर्षं जुना आहे आणि एकदा जिंकलाही आहे. प्युरिटनांचं, म्हणजे कडव्या सुधारणावादी प्रोटेस्टंटांचं, म्हणणं नेमकं हेच होतं. यादवी युद्धात १६४५ साली संसदेने प्रार्थनापुस्तकावर बंदी घातली, क्वायरी मोडल्या, कित्येक ठिकाणी ऑर्गन फोडले. १६६० मध्ये राजा परत आला तेव्हा पंधरा वर्षांत एकही मुलगा शिकून तयार झालेला नव्हता. राजाच्या चॅपलमध्ये वर्षभराहून जास्त काळ मुलांच्या वरच्या ओळी कॉर्नेट नावाच्या वाद्यावर वाजवाव्या लागल्या, नाहीतर मोठ्या पुरुषांनी खोट्या आवाजात म्हणाव्या लागल्या. परंपरा एका पिढीत तुटते ती अशी.

तरी मैफल म्हणणार नाही. टाळ्या नाहीत. क्वायर लोकांकडे तोंड करून उभी नसते, एकमेकांकडे असते. आणि मुख्य म्हणजे तुम्ही आलात काय, न आलात काय, काही फरक पडत नाही. जानेवारीतल्या मंगळवारी समोर चार डोकी असतात, तरी त्या दिवशीची स्तोत्रं तेवढ्याच निगुतीने होतात. श्रोत्याची गरजच नसलेली मैफल तुम्ही कुठे पाहिली आहे?

---

उंबरठा

युक्तिवाद चलाख आहे, पण मला पटला नाही. श्रोत्याची गरज नाही म्हणजे भक्ताचीही नाही, असाच अर्थ निघतो. असो. वाचतोय.

---

ठणठणपाळ_नाही

मी पूर्ण नास्तिक. दोन वर्षं ऑक्सफर्डला होतो, नियमित जायचो. कुणी काही विचारत नाही, हातात बायबल देत नाही, नाव लिहून घेत नाही. श्रद्धेच्या दुकानात एवढी मोकळीक मला दुसरीकडे मिळाली नाही.

आणि संगीतकार तरी कुठे सगळे श्रद्धाळू? व्हॉन विल्यम्स आधी नास्तिक, मग अज्ञेयवादी. तरी त्याने १९०६ चं "इंग्लिश हिम्नल" हे चर्चच्या गीतांचं पुस्तक संपादित केलं. विल्यम बर्ड तर कॅथलिक. चर्चला न गेल्याबद्दल त्याच्या घरावर दंड बसत होते आणि तोच माणूस अँग्लिकन प्रार्थनेसाठी "ग्रेट सर्व्हिस" लिहीत होता.

सांजपाखरू म्हणतात ते खरं आहे की स्तोत्रं हा कणा. पण मी जायचो तो अंधाराच्या प्रार्थनेसाठी, "लायटन अवर डार्कनेस", आमचा अंधार उजळ. विजा लखलखाव्यात असलं काही नाही, आजच्या रात्रीच्या संकटांपासून सांभाळ, एवढंच मागणं. क्रॅनमरचं गद्य आहे ते. देव वगळूनही उरतं.

---

जुनं_नगर

इथे आतापर्यंत कुणी मराठी ख्रिस्ती बोललेलं दिसत नाही, म्हणून लिहितो.

आमच्या नगरकडे मुख्य प्रभाव अमेरिकन मराठी मिशनचा, म्हणजे हे अँग्लिकन प्रकरण नव्हेच. आम्ही वाढलो ते "उपासना संगीत" हातात धरून आणि ना. वा. टिळकांची भजनं गात. टिळकांनी अभंग, ओवी, कीर्तन हे सगळं देवळातून उचलून मंडळीत आणलं, पेटी-तबल्यासकट. आजीला निम्मं पुस्तक पाठ होतं. स्तोत्रसंहिता आमच्याकडे वाचली जायची, कधी वाचक एक वचन आणि मंडळी पुढचं, अशी आळीपाळीने. चार आवाजांत वगैरे कधी नाही. त्यामुळे उंबरठा यांच्या आक्षेपाशी मी सहमत आहे. मंडळीच्या तोंडातून गाणं काढून घेतलं की चर्चचं म्युझियम होतं.

पण महाराष्ट्रात ही परंपरा आलीच नाही असं समजू नका. मुंबईत फोर्टातलं सेंट टॉमस कॅथीड्रल १७१८ च्या नाताळात उघडलं, चर्चगेट हे नाव त्याच्यावरून. कॅथीड्रल अँड जॉन कॉनन शाळेच्या नावातलं कॅथीड्रलही तेच, आणि त्या शाळेचा उगम तिथल्या क्वायरला मुलं मिळावीत या गरजेशी जोडलेला आहे. पुण्यात पंचहौद. १८९० च्या चहामुळे ते नाव आपल्याला माहीत असतं, लोकमान्य आणि रानडे चहा प्यायले आणि ग्रामण्य झालं वगैरे. पण ते मिशन कट्टर अँग्लिकन, आणि तिथल्या होली नेम चर्चच्या मनोऱ्यात इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा आहेत. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हापासून अँग्लिकन आणि आमच्यासारखे एकाच छपराखाली आहेत.

---

सांजपाखरू

जुनं_नगर, मनापासून आभार. यात एक नाव जोडते: पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला आल्या तेव्हा वाँटेजच्या सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीमंडळात राहिल्या, बाप्तिस्माही तिथेच झाला. पंचहौदच्या भगिनी याच मंडळाच्या. अशा मठात दिवस प्रार्थनांच्या वेळांवर चालतो आणि त्या प्रार्थना स्तोत्रांनी भरलेल्या असतात. रमाबाईंचं त्या भगिनींशी मतांवरून वाजलं, पत्रांतून कडाडून वाजलं, आणि त्या चर्चच्या चौकटीतून त्या दूर गेल्या. पण आयुष्याच्या शेवटी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल साध्या मराठीत आणायला बसल्या, त्यात ही दीडशे स्तोत्रंही आली.

---

मांडवी

गोव्यात असं काही ऐकलं नाही कधी. की आहे?

---

जुनं_नगर

गोवा कॅथलिक, तिथली परंपरा पोर्तुगीज-लॅटिन. उपासकाळातले व्हायोलिन-क्लॅरिनेटसह गायले जाणारे मोतेत (धार्मिक गीतं) ऐका, तो स्वतंत्र आणि सुंदर विषय आहे. वेगळा धागा काढा, मी येतो.

---

बिनपगारी

सगळं छान छान चाललंय म्हणून जरा मीठ टाकतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला घरापासून तोडून बोर्डिंगात टाकायचं, सकाळी शाळेआधी तालीम, संध्याकाळी प्रार्थना, नाताळ आणि ईस्टरला बाकीची मुलं घरी आणि हा कामावर. तेराव्या वर्षी आवाज फुटला की नमस्कार. वर ही शाळा खासगी, फी अर्ध्या इंग्लंडला न परवडणारी. आणि कित्येक शतकं मुलींना प्रवेशच नाही. हा खर्च कोण आणि का करतं?

---

सांजपाखरू

बिनपगारी, यातलं पुष्कळ खरं आहे. सगळीकडे बोर्डिंग मात्र नाही. बऱ्याच कॅथीड्रलांत मुलं घरून येतात. निव्वळ गायक मुलांसाठीची शाळा आता वेस्टमिन्स्टर ॲबीची एकच उरली आहे. फीमध्ये क्वायरच्या मुलांना मोठी सूट असते, तरी ज्यांच्या आईबापांना अशी चाचणी असते हेच माहीत नाही त्यांची मुलं येणार कुठून? हा दोष मोठा आहे.

मुलींचं: सॉल्झबरीने १९९१ मध्ये मुलींची स्वतंत्र क्वायर सुरू केली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मुलांच्या आवाजाचा पोत वेगळा, परंपरा बुडेल, वगैरे. काही बुडालं नाही. डरहॅमला मुली २००९ पासून आहेत. केंब्रिजच्या सेंट जॉन्सनेही २०२२ मध्ये दार उघडलं. डोळे मिटून बसलं तर आज कोण गातंय हे नेहमी गाणाऱ्यांनाही दर वेळी ओळखता येत नाही. मोठेपणी मुली हे काम पोटासाठी करू शकतात का, हा पुढचा प्रश्न; सेंट पॉल्सच्या क्वायरमध्ये पहिली स्त्री कायम गायक म्हणून आली ती २०१७ मध्ये.

पैसा मुख्यतः कॅथीड्रलाच्या तिजोरीतून, देणग्यांतून आणि जुन्या विश्वस्त निधींतून येतो. सरकार या क्वायरींना पोसत नाही. म्हणूनच ते डळमळीत आहे. २०२० मध्ये शेफील्डच्या कॅथीड्रलने असलेली क्वायर बंद करून नव्याने बांधायचं जाहीर केलं, कारण शहर बदललं आणि क्वायर बदलली नाही असं त्यांचं मत पडलं. तेव्हा खूप जण चिडले. मीही चिडले होते, पण तुमचे प्रश्न वाचताना त्यांची बाजू अगदीच पोकळ वाटत नाही.

एक मात्र सांगते. नऊ वर्षांची पोरगी सोळाव्या शतकातला पाचपदरी कंट्रापुंट (एकमेकांत गुंफलेल्या स्वतंत्र सुरावटी) कागदावरून पहिल्या झटक्यात वाचते, आणि तिला त्यात काही विशेष वाटत नाही. कुठल्याही शिष्यवृत्तीने हे इतक्या लहान वयात मिळत नाही.

---

उंबरठा

पुन्हा मीच. तुमच्या तारखेच्या नियमाने २८ च्या संध्याकाळी १३७ वं येतं. "बाबेलच्या नद्यांकाठी बसून आम्ही रडलो." सुरुवात कितीही सुंदर असली तरी शेवट शत्रूची तान्ही बाळं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणण्यात आहे. हे नऊ वर्षांच्या पोरीने गावं? चार आवाजांत, गोड हार्मनीत?

---

सांजपाखरू

बहुतेक ठिकाणी ते श्लोक गाळतात. १९२८ च्या सुधारित प्रार्थनापुस्तकात असे श्लोक कंसात टाकले होते, म्हणजे वगळायची मुभा. ते पुस्तक संसदेने नामंजूर केलं, तरी ती सवय राहिली.

मी गाळण्याच्या विरुद्ध आहे. त्या ओळी देवाची आज्ञा म्हणून येत नाहीत, गाव जाळलं गेलेल्या माणसाच्या तोंडून येतात. सूड हवासा वाटतो हे खोटं आहे का? सहा श्लोकांचं रडणं ठेवून सातव्यापासून पुढचं कापलं की उरतं ते सहलीचं चित्र.

---

ठणठणपाळ_नाही

इथे मी उंबरठा यांच्या बाजूने. प्रौढांनी गावं, वाचावं, त्यावर भांडावं. मुलांच्या तोंडी घालून त्यावर गौरव असो म्हणायचं, यात मला काहीतरी किळसवाणं वाटतं. आणि "गोड हार्मनी" हा मुद्दा महत्त्वाचा. गद्यात वाचलं असतं तर माणूस दचकला असता. चालीत कुणी दचकतही नाही.

---

पेटीमास्तर

चालीत दचकवता येतं. २८ चं सेंट पॉल्सचं काल ऐकलं. ऑर्गन एकदम काढून घेतला आणि क्वायर नुसती, दबक्या आवाजात. अंगावर आलं. त्यामुळे गोडच होतं असं नाही, वाजवणाऱ्यावर आहे.

अवांतर: सांजपाखरू, फक्त संध्याकाळचीच स्तोत्रं गायली जात असतील तर सकाळच्या वाट्याची कुठे जातात?

---

सांजपाखरू

चांगलं पकडलंत. कुठेच जात नाहीत. सकाळची प्रार्थना एके काळी कॅथीड्रलांत रोज गायली जायची, विसाव्या शतकात ती जवळपास संपली. आता ती दोनचार पुरोहित एका बाजूच्या चॅपलमध्ये बसून नुसती म्हणतात. त्यामुळे जुना क्रम पाळणाऱ्या ठिकाणीही निम्मी स्तोत्रसंहिता क्वायरच्या तोंडी क्वचितच येते. ८८ वं घ्या, सगळ्या स्तोत्रांतलं सर्वांत काळंकुट्ट, शेवटपर्यंत दिलासा नाही. ते १७ तारखेच्या सकाळचं. १०३ वं, ५१ वं, हीसुद्धा सकाळची. ५१ ला निदान उपासकाळात वेगळं स्थान आहे.

---

रेवदंडा

आत्तापर्यंत नुसती वाचत होते. वाचनखूण साठवली. जूनमध्ये आईबाबांना घेऊन लंडन आणि यॉर्कला जाणार आहे. बाबांना गुडघ्याचा त्रास आहे, उठबस किती असते? आणि क्वायरच्या जवळ बसू देतात का?

---

सांजपाखरू

रेवदंडा, उठबस आहे थोडी: स्तोत्रं (ती काही ठिकाणी बसूनच ऐकतात), दोन्ही गीतं आणि श्रद्धेचा अंगीकार यांना लोक उभे राहतात. बाबांनी बसूनच राहिलं तरी कुणी वळून बघणार नाही. गुडघे टेकायची सक्ती कुठेच नाही.

अर्धा तास आधी पोचा. रांगेतल्या कर्मचाऱ्याला "ईव्हनसाँगसाठी" एवढं सांगा, तिकीट खिडकीकडे जाऊ नका. लवकर गेलात तर पुष्कळदा थेट क्वायरच्या मागच्या आसनांवर बसवतात. जागा मिळाली तर जरूर घ्या, फक्त बाबांना आत-बाहेर करायला सोपी पडेल अशी कडेची मागा, ती आसनं अरुंद असतात. फोटो आणि रेकॉर्डिंग बंद. पत्रक हातात देतात, त्यात स्तोत्राचा आकडा असतो.

एकच अट: निघण्याआधी त्या कॅथीड्रलाच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचं बघून घ्या. काही वारी प्रार्थना नुसती वाचली जाते, आणि शाळांना सुट्टी लागली की घरची क्वायर नसते, बाहेरगावची पाहुणी क्वायर गाते. जूनमध्ये जाताय ते बरं आहे, जुलै संपत आला की सगळी मुलं पांगतात.

---

रेवदंडा

धन्यवाद! यॉर्कला आमची तारीख १५ पडतेय. ७३ श्लोक म्हणालात ना? आईला विचारते. :)

---

सांजपाखरू

यॉर्कला त्या दिवशी अख्खं घेतात की तुकडा, ते पत्रकात बघा. अख्खं असेल तर आईला सांगू नका, घेऊन जा.